२१६ की २८६? कंटेनरमध्ये किती पोती बसतील हे सांगणाऱ्या अ‍ॅपचा वर्षभराचा अनुभव

तीन वर्षांपूर्वी दुबईच्या जेबेल अली बंदराला जाणारा आमचा कंटेनर भरून झाला आणि गोदामाच्या ओट्यावर हळकुंडाची ३४ पोती उरली. वीस फुटी कंटेनर, ५० किलोची पोती. एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची लेखी हमी) आकडा स्पष्ट लिहिलेला होता: ३२० पोती, १६ टन. आत बसली २८६. एलसीला लागू असलेले यूसीपी ६०० चे नियम मालात ५ टक्के कमी-जास्त चालवून घेतात, पण एलसीत नगांची संख्या लिहिली असेल तर ती सवलत नसते. आमच्या एलसीत संख्या लिहिलेली होती, आणि तूट तर दहा टक्क्यांच्याही वर होती. खरेदीदार भला माणूस, त्याने दुरुस्ती मान्य केली. पण ती दोन्ही बँकांतून फिरून येईपर्यंत आठ दिवस भरलेला कंटेनर आमच्या दारात उभा होता आणि त्याचं भाडं रोज चढत होतं.

३२० हा आकडा आला कुठून? बुकिंग करून देणाऱ्याने वीस फुटी कंटेनरचं घनफळ ३३ घनमीटर धरलं, एका पोत्याचं घनफळ काढलं आणि भाग दिला. ३१७ आले. “दाबून ३२० बसतील,” असं तो म्हणाला आणि मी तो आकडा न तपासता पुढे कळवला. आमच्या मुकादमांना मी विचारलंच नाही. ते बाजार समितीच्या आवारात माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या अडतीपासून आमच्याकडे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. त्यांनी ओट्यावरची पोती पाहिली आणि एवढंच म्हणाले, “ताई, आधी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.”

त्यानंतर मी पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं. कंटेनरचा प्रकार निवडायचा, मालाची लांबी-रुंदी-उंची आणि वजन भरायचं, की ते थरांचा रंगीत नकाशा काढून देतं. महिन्याला १५०० रुपये. नाव लिहीत नाही, कारण आधी फुकटातली आणखी दोन वापरून पाहिली आणि पोत्यांच्या बाबतीत तिघांचाही स्वभाव एकच निघाला. कोणत्या कंपनीचं घ्यावं यापेक्षा, कुठलंही घेतलं तर त्याच्याकडून काय घ्यायचं आणि काय नाही, हे सांगणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. सांगली-मिरज भागात नव्याने निर्यातीत उतरलेल्या शेतकरी कंपन्यांमधली मुलं मला हेच विचारतात.

पहिला अनुभव वाईट होता. एक भरलेलं पोतं जमिनीवर आडवं टाकलं, टेप लावला: लांबी ९५ सेंटीमीटर, रुंदी ५५, उंची २४. ते आकडे अ‍ॅपमध्ये भरले. उत्तर आलं २१६ पोती. एका थरात २४, असे ९ थर. म्हणजे १० टन ८०० किलो. आधी तशाच कंटेनरमध्ये २८६ बसलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. घनफळाचा भागाकार ३१ पोती जास्त सांगत होता, अ‍ॅप ७० पोती कमी सांगत होतं. समुद्राचं भाडं कंटेनरमागे लागतं, किलोमागे नाही. ७० पोती कमी भरून पाठवली तर तेच भाडं उरलेल्या मालावर बसतं आणि आपला भाव खरेदीदाराला महाग दिसतो.

मी तो नकाशा मामांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “ह्यात पोतं पेटीसारखं धरलंय. पोतं दाबलं की बसतंय. ह्ये एकटं पडलेलं पोतं मोजलंय तुम्ही.”

सगळी गोम त्या वाक्यात होती. एकटं पोतं मधे फुगलेलं असतं. त्याच्यावर दुसरं, तिसरं, दहावं चढलं की आतली हळकुंडं सरकतात, फुगवटा बसतो, उंची कमी होते आणि पोतं बाजूंना थोडं पसरतं. म्हणून आम्ही दहा पोत्यांची एक थप्पी लावली आणि रात्रभर तशीच ठेवली. संध्याकाळी थप्पीची उंची २३० सेंटीमीटर होती, सकाळी २०० भरली. एका पोत्यामागे २०. रुंदी ५५ ची ५८ झाली होती. लांबी मात्र ९५ ऐवजी ९० धरायची, असं मामा म्हणाले. कारण शिवणीकडचं टोक पातळ असतं. दोन पोती टोकाला टोक लावून ठेवली की ती टोकं एकमेकांवर चढतात. दाभणाने शिवलेलं तोंड नेहमी आतल्या बाजूला ठेवायचं, म्हणजे शिवण उसवली तरी माल दाराकडे सांडत नाही. हे मला गोदामात इतकी वर्षं काढूनही माहीत नव्हतं.

९०, ५८, २०. हे आकडे भरल्यावर अ‍ॅपने २६४ सांगितले. एका थरात २४, असे ११ थर. फरक बराच मिटला, तरी २२ पोती अजून कमीच होती. ती २२ कुठे गेली हे शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात आवडलेला भाग तोच आहे.

वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५८९ सेंटीमीटर लांब, २३५ रुंद आणि २३९ उंच असतो. अ‍ॅपने चारही पोती लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी ठेवली: ५८ चोक २३२. रुंदीत चार, लांबीत सहा, थरात २४. दाराशी ४९ सेंटीमीटर रिकामे. मामांची हमालांची टोळी तसं लावत नाही. ती दोन पोती कंटेनरच्या रुंदीत आडवी टाकते, टोकाला टोक, म्हणजे १८० सेंटीमीटर. उरलेल्या ५५ मध्ये एक पोतं उभं, लांबीच्या दिशेने. आडव्यांच्या १० ओळी, त्यांत २० पोती. उभ्या पट्ट्यात ६. थरात २६. कागदावर याची बेरीज १८० अधिक ५८, म्हणजे २३८ होते आणि कंटेनर २३५ चा आहे. तीन सेंटीमीटर जास्त. अ‍ॅपला हे तीन सेंटीमीटर अशक्य वाटतात, कारण त्याच्या हिशोबात पोतं लाकडी पेटी आहे. टोळी गुडघ्याने पोतं रेटते आणि ते बसतं. थरामागे दोन पोती, अकरा थर, २२ पोती, १ टन १०० किलो. सगळा फरक त्या तीन सेंटीमीटरचा.

पुढच्या थरात उभा पट्टा डावीकडून उजवीकडे जातो, विटांच्या भिंतीत सांधेमोड करतात तसा. त्यामुळे थप्प्या एकमेकींना धरून राहतात. अ‍ॅपच्या नकाशात अकराच्या अकरा थर एकावर एक सारखेच होते. असा माल जहाजाच्या हेलकाव्यात कलतो आणि पलीकडे दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर येऊ शकतो. त्या माणसाला आपण कधी भेटणार नसतो, म्हणून मला हा मुद्दा अ‍ॅपच्या सगळ्या चुकांमध्ये मोठा वाटतो. दाराशी जाळी किंवा पट्टे लावायला हवेत, हेही अ‍ॅप कुठे सुचवत नाही.

आता अ‍ॅपची बाजू. माझी तक्रार असली तरी पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

मागच्या पावसाळ्याआधी हळद पावडरची पहिली मोठी मागणी आली. २५ किलोची, आतून प्लास्टिकचा थर दिलेली विणलेली पोती. या मालाचा मामांना फार अनुभव नव्हता. आम्ही तीच थप्पीची रीत वापरली आणि माप आलं ७० बाय ४३ बाय १५. टोळीच्या सवयीने सगळी पोती लांबीच्या दिशेने: रुंदीत पाच, लांबीत आठ, थरात ४०. पंधरा थर, ६०० पोती, १५ टन. अ‍ॅपने मात्र दोन ओळी आडव्या आणि दोन उभ्या असा नकाशा दिला. दोन आडव्यांचे १४०, दोन उभ्यांचे ८६, एकूण २२६, म्हणजे रुंदीत सहज बसणारे. आडव्या १३ दुणे २६, उभ्या ८ दुणे १६, थरात ४२. पंधरा थरांत ६३० पोती, १५ टन ७५० किलो. मामांनी खडूने गोदामाच्या फरशीवर कंटेनरचं तळ आखलं, एक थर मांडून पाहिला आणि म्हणाले, “हां, ह्ये बराबर हाय.” त्या एका कंटेनरमध्ये जादा गेलेल्या ३० पोत्यांनी वर्गणीचे पैसे वसूल केले. या पोत्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, थप्पी घसरते, म्हणून दर चार थरांनंतर जाड कागद टाकला. तेही मामांचंच डोकं.

म्हणजे ज्या मालात माणसाची सवय पक्की आहे तिथे माणूस पुढे, आणि नवा माल, नवं माप आलं की अ‍ॅप पुढे. खोकी असतील तर अ‍ॅपला तोडच नाही. माझी मैत्रीण तासगावहून बेदाणा खोक्यांतून पाठवते. तिचा आकडा एका खोक्याने सुद्धा चुकत नाही.

चाळीस फुटी कंटेनरचा अनुभव सविस्तर सांगायला हवा, कारण तिथे नवी माणसं फसतात. लांबी दुप्पट म्हणजे माल दुप्पट, असं वाटतं. जागेच्या हिशोबाने खरंच दुप्पट बसतो, किंबहुना थोडा जास्तच. आमच्या हळकुंडाच्या पोत्यांचा थर ५३ चा होतो: आडव्या २० ओळींत ४० आणि उभी १३. अकरा थरांत ५८३. पण ५८३ पोती म्हणजे २९ टनांच्या वर. कंटेनर दुप्पट लांब असला तरी दुप्पट वजन पेलत नाही, उलट त्याचं स्वतःचं वजन जास्त असतं. दारावर एकूण वजन, रिकामं वजन आणि माल किती घालता येईल, हे तिन्ही आकडे लिहिलेले असतात. ते वाचल्याशिवाय पोत्याला हात लावू देऊ नये. शिवाय जहाज कंपनीची वेगळी मर्यादा असते, ट्रेलरला रस्त्यावर वेगळी असते. या तिन्हींपैकी जी सर्वात कमी, ती आपली. आम्ही २६ टनांवर, म्हणजे ५२० पोत्यांवर थांबतो.

अ‍ॅपमध्ये वजनाची मर्यादा आधीच भरून ठेवलेली येते आणि ती कंटेनरच्या पूर्ण क्षमतेची असते. मी ती हाताने २६ टन केली. त्यावर अ‍ॅपने काय केलं? आतल्या भिंतीपासून अकरा थर पूर्ण लावत आणलं आणि वजन संपलं तिथे थांबलं. दाराकडचं टोक रिकामं. सगळा भार पुढे, मागे पोकळी, आणि त्या पोकळीत कोसळायला तयार अकरा थरांची भिंत. कंटेनर भरण्याची आंतरराष्ट्रीय संहिता भार लांबीभर सारखा पसरायला सांगते, आणि मामांनी ती संहिता न वाचता तेच सांगितलं: “एक थर कमी करा, पर भिंतीपास्नं दारापातूर भरा.” दहा थर म्हणजे ५३०. त्यातली दहा दाराजवळच्या वरच्या थरातून कमी केली, झाली ५२०. अ‍ॅपच्या मदत विभागाला मी हे चित्रासह लिहून पाठवलं. दोन दिवसांत उत्तर आलं, नम्र होतं आणि मुद्दा समजून लिहिलेलं होतं. पण आठ महिने झाले, अ‍ॅप अजून तसंच भरतं.

बारीक गोष्टी आणखी आहेत. दाराची उंची आतल्या उंचीपेक्षा कमी असते, साधारण २२८ सेंटीमीटर. मधल्या ओळींना त्याने फरक पडत नाही, कारण हमाल आत उभा राहून पोतं वर चढवतो. शेवटच्या ओळीला पडतो, कारण तेव्हा तो बाहेर असतो. अ‍ॅपला हे कळत नाही, म्हणून दाराजवळच्या ओळीतली वरची पोती मी आकड्यातून वजा करते. त्या वर्षी दाराच्या ओळीत सुद्धा अकरावा थर बसला तो टोळीने जिवापाड रेटल्यामुळे, आणि तसं पुन्हा करायला मी त्यांना सांगणार नाही. आता आमचा हळकुंडाचा ठरलेला आकडा २८० आहे. १४ टन. दाराच्या वरच्या कोपऱ्यात सहा पोत्यांची जागा मोकळी राहते आणि दार हाताने लागतं.

छतापाशी हवा खेळायला जागा हवी, हाही प्रश्न आहे. गरम बंदरातून निघालेला कंटेनर रात्री थंड झाला की आतली वाफ छताला धरते आणि थेंब थेंब वरच्या पोत्यांवर पडतात. हळदीला बुरशी लागायला तेवढं पुरतं. अकरा थरांवर आम्हाला १९ सेंटीमीटर मिळतात. वर क्राफ्ट कागद अंथरतो, बाजूंना ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतो. अ‍ॅपमध्ये वर किती जागा सोडायची ते भरता येतं, ही त्याची चांगली सोय. पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पानावर दडलेली आहे.

वजनाचा रकाना एकच आहे. तिथे निव्वळ नाही, पोत्यासकट वजन भरा. तागाचं रिकामं पोतं अर्ध्या किलोच्या वर असतं, २८० पोत्यांचं दीडशे किलोंच्या आसपास जातं. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. तुमचा अंदाज आणि काट्याची पावती यांत अंतर पडलं तर धावपळ तुमचीच होते.

अ‍ॅप फक्त इंग्रजीत आहे आणि आमच्या पत्र्याच्या गोदामात मोबाइलवर उघडायला फार वेळ घेतं. मी घरून नकाशा छापून आणते. मामांना आकड्यांपेक्षा चित्र आवडतं. थरांचे रंग पाहून ते टोळीला समजावतात. एखाद्या मराठी मुलाने हेच काम मराठीत आणि पोत्यांसाठी केलं, दाबलेली उंची, टोकांची चढण, सांधेमोड हे सगळं धरून, तर मी दुप्पट वर्गणी देईन.

माझे आजोबा हरिपूरच्या पेवांत हळद ठेवत. जमिनीखाली खणलेलं ते कोठार, तोंड लहान, पोट मोठं. त्यात किती पोत्यांची हळद मावेल हे पेवात उतरणारी माणसं नुसती आत नजर टाकून सांगत, असं आप्पा सांगतात. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं गेली, तशी ती नजर असलेली माणसंही कमी झाली. मामांचं वय आता साठीच्या पुढे आहे. त्यांची मापं लिहून ठेवायला मला अ‍ॅपने भाग पाडलं, हा त्याचा एक उपकार मी मानते. पोत्याचा प्रकार, बारदान तागाचं की प्लास्टिकचं, हळकुंड की गड्डा की पावडर, थप्पीची संध्याकाळची उंची, सकाळची उंची, थरातली मांडणी, प्रत्यक्ष बसलेला आकडा: अशी वही आता तयार झाली आहे. तिच्यात १४ नोंदी आहेत.

वर्षाला चार-पाचच कंटेनर पाठवत असाल आणि माल एकाच मापाचा असेल, तर वर्गणी भरू नका. थप्पी, टेप आणि खडू पुरे आहेत. माल बदलता असेल, पावडर, खोकी, वेगवेगळी पोती असतील, तर घ्या. पण दाबलेल्या पोत्याचंच माप भरा आणि छापलेला नकाशा भरणाऱ्या माणसांना दाखवून मगच खरेदीदाराला आकडा द्या. एलसीत शक्यतो टन लिहून घ्या, पोत्यांची संख्या लिहू देऊ नका. माझ्याकडून अ‍ॅपला पाचपैकी तीन तारे. खोक्यांसाठी विचाराल तर पाच.

या हंगामाचं बारदान नव्या ठिकाणाहून घेतलं आहे, विणीला जरा घट्ट वाटतं. आज त्यातली पहिली दहा पोती शिवली आणि गोदामाच्या कोपऱ्यात थप्पी लावून ठेवली. संध्याकाळी उंची २३४ भरली. जेबेल अलीचा खरेदीदार सकाळपासून दोनदा विचारून गेला, किती टन धरू? उद्या टेप लावून सांगते, असं त्याला कळवलं आहे.